डेडेकिंडची पुस्तिका वाचताना: √२ ला ‘वास्तव’ कोणी केलं?

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला, “√२ अपरिमेय का?” मी शाळेतलं उत्तर ठोकून दिलं: त्याचं दशांश रूप अखंड आणि अनावर्ती आहे म्हणून. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “किती अंक पाहिलेत तुम्ही?” पुढची दोन मिनिटं मी फळ्याकडे बघत उभा होतो.

तुम्हीही हेच उत्तर दिलं असतं, पैज लावतो. आता कॅल्क्युलेटरवर १/९७ करून बघा. पडद्यावर मावतील तेवढ्या अंकांत काहीच पुन्हा येत नाही, कारण त्याचं आवर्तन ९६ अंकांचं आहे. म्हणजे नुसतं बघून ठरवायचं तर १/९७ सुद्धा अपरिमेय! आणि दुसरी गोची अशी, की परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या, असं आपण पाठ करतो. मग अपरिमेय म्हणजे काय विचारलं तर सांगतो, परिमेय नसलेली वास्तव संख्या. झालं, बैल घाण्याला जुंपला.

या घाण्यातून बाहेर काढणारी एक पुस्तिका आहे: रिखार्ड डेडेकिंडची, सातत्य आणि अपरिमेय संख्यांवरची, १८७२ ची. जेमतेम तीसेक पानं. बेमन यांनी १९०१ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. प्रस्तावनेतच तो कबूल करतो, की १८५८ मध्ये झ्युरिकला कलनशास्त्र शिकवताना त्याला भूमितीतल्या चित्रांचा आधार घ्यावा लागत होता आणि ते त्याला खुपत होतं. २४ नोव्हेंबर १८५८ ला मार्ग सापडला, अशी तारीखसुद्धा देतो. छापलं चौदा वर्षांनी. (आपल्या गाइडला हे सांगून बघा.)

कल्पना साधी आहे. सगळ्या परिमेय संख्यांचे दोन गट करा, असे की पहिल्यातली प्रत्येक संख्या दुसऱ्यातल्या प्रत्येक संख्येपेक्षा लहान. हा छेद. काही छेद एखाद्या परिमेय संख्येपाशीच पडतात. पण ज्या धन संख्यांचा वर्ग २ पेक्षा मोठा त्या एकीकडे आणि बाकी सगळ्या दुसरीकडे केल्या, तर सीमेवर कोणतीच परिमेय संख्या सापडत नाही. कशावरून? इथे डेडेकिंडची सिद्धता मला शाळेतल्या सम-विषमवाल्या सिद्धतेपेक्षा सरस वाटते. २ साठी ती अशी: समजा म² = २न², आणि अशा जोड्यांपैकी न सर्वांत लहान घेतला. म हा न आणि २न यांच्या मध्ये आहे, त्यामुळे म−न धन आहे आणि न पेक्षा लहान आहे. आता (२न−म)² − २(म−न)² सोडवा. उरतं २न² − म², म्हणजे शून्य. न पेक्षा लहान संख्या त्याच अटीत बसली! खेळ खलास. सम-विषम नाही, मूळ अवयव नाहीत. आणि तो हे एकदम कोणत्याही पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येसाठी करतो.

आता तक्रारी. पहिली, जिथे छेदाला परिमेय संख्या सापडत नाही तिथे आपण एक नवी संख्या ‘निर्माण करतो’, असं तो म्हणतो. निर्माण म्हणजे काय? छेदालाच संख्या म्हणायला काय हरकत होती? हाइनरिख वेबरला १८८८ मध्ये लिहिलेल्या पत्रातही तो यावर अडून राहिला: संख्या छेदाशी जुळते, पण ती छेद नव्हे. मला हा हट्ट पटत नाही. आज आपण बिनदिक्कत छेदालाच वास्तव संख्या म्हणतो आणि काही बिघडत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. √२ × √३ = √६ सारखी प्रमेयं आजवर कोणी खऱ्या अर्थानं सिद्धच केलेली नाहीत, असं तो सहाव्या भागात म्हणतो. दावा धाडसी आहे, पण मुद्दा बरोबर आहे: दोन न संपणारे दशांश गुणायला सुरुवात कुठल्या टोकापासून करणार? पण मग हा गृहस्थ स्वतः काय करतो? फक्त बेरीज दाखवतो, आणि गुणाकार वगैरे असंच करता येईल म्हणून पुढे निघतो! ज्याच्या नावानं दवंडी पिटली तेच काम वाचकावर.

आणि एक मर्यादा, जिला दोष म्हणता येणार नाही. छेद मिळाला की संख्या वास्तव ठरते. ती कोणत्या खान्यातली, हे छेद सांगत नाही. ऑयलरचा स्थिरांक, ०.५७७२ च्या आसपासचा, वास्तव आहे यात शंका नाही. तो परिमेय की अपरिमेय, हे आजही कोणाला माहीत नाही. पाय अपरिमेय असल्याचं लाम्बर्टनं अठराव्या शतकातच सिद्ध केलं, पण पाय आणि ई यांच्या बेरजेबद्दल अजून सगळे गप्प आहेत. नेटच्या प्रश्नपत्रिकेत चार पर्याय असतात, त्यात ‘अजून ठाऊक नाही’ हा पर्याय मी तरी कधी पाहिला नाही.

चौथा आणि सहावा भाग पेन्सिल घेऊन वाचा, आणि गुणाकार स्वतः मांडून बघा. मला दोन संध्याकाळी लागल्या. ऋण संख्यांपाशी माझे दोन्ही गट उलटेपालटे झाले, तेव्हा कळलं की डेडेकिंडनं तेवढंच नेमकं का गाळलं असावं.