घुंगरांचा पैसा आणि गावाची अब्रू

शरीरविक्रय करणारी बाई मराठी साहित्यात दोन वाटांनी आली. पहिली वाट पांढरपेशा लेखक-कलावंतांची. त्यांना ती दयेसाठी हवी होती, नाही तर चवीसाठी. १९७२ सालच्या 'पिंजरा' चित्रपटात तमाशातल्या बाईच्या नादाने एका आदर्शवादी मास्तरचा अधःपात होतो आणि प्रेक्षक मास्तरसाठी हळहळत घरी जातो. बाईच्या वाट्याला काय आले, हे त्याच्या हिशेबात नसते. दुसरी वाट दलित लेखकांची. अण्णा भाऊ साठे यांनी 'चित्रा' लिहिली. त्याच १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. उत्तम बंडू तुपे यांनी 'झुलवा'मध्ये जोगतिणीचे जिणे मांडले. १९९४ साली डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' प्रसिद्ध झाले. या लेखकांनी दया मागितली नाही. त्यांनी बाईला तिचे नाव, तिची भाषा आणि तिचा संताप दिला. मराठी साहित्यात हे प्रथम घडले आणि त्याचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा कुणी करू नये.

तरीही या साहित्याकडे आज पुन्हा पाहताना एक उणीव जाणवते. या पुस्तकांतून बाई दिसते, तिचे घर दिसते, गिऱ्हाईकही ओझरते दिसते. ज्या गावात हे सारे घडते ते गाव मात्र फारसे दिसत नाही.

ही उणीव मला दाखवली ती एका विद्यार्थ्याने. ढोकीत आम्ही चार-दोन शिक्षक आणि कॉलेजची मुले मिळून 'कोल्हाट्याचं पोर' वाचत होतो. बाई नाचते आणि घरचे पुरुष तिच्या पैशावर बसून खातात, तो भाग संपला. ऊसतोड मजुराच्या एका मुलाने विचारले, "पर त्या घरात पैसा येतो कुठनं?" कुणीतरी म्हणाले, "गिऱ्हाइकाकडून." तो म्हणाला, "आन् गिऱ्हाइकाकडं कुठनं येतो?" थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागून आवाज आला, "उसाच्या बिलातनं."

समीक्षकांनी जो प्रश्न विचारायला हवा होता तो एका मुलाने विचारला, आणि त्याचे उत्तर आमच्या गावाच्या वेशीवरच होते. ढोकी हे कारखान्याचे गाव. तेरणा सहकारी साखर कारखान्याने ते वाढवले आणि मधली काही वर्षे कारखाना बंद पडला तेव्हा ते सुकलेही. पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर येरमाळा, तिथली येडेश्वरी आणि तिची चैत्री पौर्णिमेची यात्रा. त्याच बाजूने सोलापूर-धुळे महामार्ग जातो आणि चोराखळी परिसरात त्याच्या कडेला कलाकेंद्रे आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कलाकेंद्रात नाचणारी बाई शरीरविक्रय करते, असे मी म्हणत नाही. संगीत बारी ही गळ्याची, पायाची आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीची कला आहे. तिला सरसकट धंदा ठरवणे हा त्या बाईवरचा पहिला अन्याय होय. पण गाव हा फरक करीत नाही. गावाच्या लेखी मुरळी, जोगतीण, बारीतली बाई आणि लॉजवर बसणारी बाई या साऱ्या एकच. म्हणून गावाचा विचार करताना या चौघींचा विचार एकत्र करावा लागतो, आणि बाईचा विचार करताना त्यांना वेगळे ठेवावे लागते.

आमच्या भागातल्या पैशाला हंगाम असतो. तोडणीची उचल वाटली जाते, बॉयलर पेटतो, वाहतूकदाराकडे पैसा खेळू लागतो, उसाचे बिल निघते तेव्हा बागायतदाराचा खिसा फुगतो. दौलतजादा होते ती याच पैशातून. ऊस तोडणाऱ्या बाईच्या मजुरीतून जे राखून ठेवले गेले, तेही याच पैशात असते. म्हणजे एका बाईच्या घामातून काढलेला पैसा दुसऱ्या बाईच्या पायाशी उधळला जातो. दोघीही बहुधा गावकुसाबाहेरच्या किंवा भटक्या जमातीच्या. उधळणाऱ्याची मान मात्र दोन्ही वेळा ताठच राहते.

तो पैसा बाईपाशी थांबतो असेही नाही. चढे भाडे घेणारा घरमालक, उधारीवर साडी देणारा दुकानदार, दागिना गहाण ठेवणारा सावकार, लॉजवाला, गाडीवाला, हप्ता घेणारा, या सगळ्यांच्या हातून तो पुन्हा गावात जिरतो. बाईमुळे गाव बिघडले, असे चावडीवर सांगितले जाते. बाईमुळे किती चुली पेटल्या, याचा हिशेब चावडीवर होत नाही. २०२५ साली आमच्या जिल्ह्यातील कलाकेंद्रांवरून वृत्तपत्रांतून गदारोळ उठला. बहुतेक चर्चा बाईच्या चारित्र्याची होती. पैशाचा माग काढावा असे फारच थोड्यांना वाटले.

ही केवळ मराठवाड्याची तऱ्हा नव्हे. कॅरिबियन बेटांतील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या उत्तर किनाऱ्यावर सोसुआ नावाचे छोटे गाव आहे. नाझींच्या छळातून निसटलेल्या ज्यूंना १९४० साली तिथे आसरा मिळाला आणि त्यांनी दुधाचा व चीजचा व्यवसाय उभा केला. पुढे पर्यटन आले. जर्मनीतून व इतर देशांतून गोरे पुरुष येऊ लागले आणि देशाच्या इतर भागांतून गरीब, बहुतेक काळ्या वर्णाच्या बाया शरीरविक्रयासाठी येऊ लागल्या. डेनीस ब्रेनन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या गावावर लिहिलेले पुस्तक २००४ साली निघाले. मराठी वाचकाने ते मुद्दाम वाचावे, कारण त्यात बाईइतकेच गाव दिसते.

त्यातल्या बाया एकट्या आया आहेत. लेकरे आईपाशी ठेवून त्या येतात आणि मिळेल तो पैसा गावी पाठवतात. एखादा परदेशी माणूस प्रेमात पडेल, लग्न करील, व्हिसा मिळवून देईल, या आशेवर त्या प्रेमाचे सोंग वठवतात. क्वचित एखादीचे ते साधते. बाकीच्या आल्या तशाच रिकाम्या हाताने परततात. हॉटेले आणि बार बहुधा परदेशी मालकांचे. स्थानिक लोक मात्र कुरकुरतात ते या बायांमुळे गावाचे नाव बदनाम झाले म्हणून. या गावाचे दोन भाग आहेत. पर्यटकांच्या भागाला एल बातेय म्हणतात. 'बातेय' हा शब्द त्या देशात साखर मळ्यांवरच्या मजूर वस्तीसाठी वापरतात. हैतीहून आलेले काळे ऊसतोड मजूर अशाच वस्त्यांत राहतात. ज्याने कारखान्याच्या आवारातल्या कोप्या पाहिल्या आहेत, त्याला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. साखर आणि बाईचे शरीर यांचा बाजार तिथे एकाच देशात मांडलेला आहे आणि दोन्हीकडे खालच्या पायरीवर काळी माणसे आहेत. तिथे वर्ण जे काम करतो तेच आपल्याकडे जात करते.

समुद्रकिनाऱ्याचेच उदाहरण हवे तर आपल्या शेजारी गोवा आहे. वास्को शहरातील बायणा किनाऱ्यावरची वस्ती बंदरावर येणारे खलाशी, ट्रकवाले आणि पर्यटक यांच्या पैशावर वाढली. तिथल्या बहुतेक बाया कर्नाटक आणि आंध्राकडच्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक देवीला सोडलेल्या होत्या. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, ती वस्ती सरकारने बुलडोझर लावून पाडली. किनारा स्वच्छ झाला, असे म्हटले गेले. धंदा मात्र गोव्यातून गेला नाही, तो पांगला. उघड्यावर जी बाई निदान चार जणींच्या सोबतीने राहत होती, ती बंद दाराआड एकटी पडली. शहराची अब्रू वाचली आणि त्या अब्रूची किंमत बाईने भरली.

आता आपल्या पुस्तकांकडे परत येऊ. 'कोल्हाट्याचं पोर' हे धाडसी पुस्तक आहे. बापाचे नाव न मिळालेल्या मुलाने आईचे नाव आपल्या नावात घेतले आणि चिरा उतरण्याच्या रूढीपासून घरातल्या पुरुषांच्या ऐतखाऊपणापर्यंत सारे उघडे केले. स्वतःच्या घराविरुद्ध साक्ष देणे सोपे नसते. पण पुस्तकाचा सगळा रोख घरावर आहे. आजोबा दोषी, मामा दोषी, जमातीची रूढी दोषी. ज्या बागायतदारांनी, पुढाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ती रूढी पोसली ते येतात आणि जातात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. त्यामुळे सवर्ण वाचकाची सोय झाली. 'या लोकांची रीतच अशी,' असे म्हणून तो पुस्तक मिटू शकला. हा दोष काळे यांच्या अनुभवाचा नव्हे. तो वाचनाचा आहे, आणि असे वाचन खपवून घेणाऱ्या समीक्षेचाही आहे.

'गोलपिठा' या बाबतीत अपवाद ठरतो. तिथे एकटी बाई येत नाही, अख्खी वस्ती येते. विजय तेंडुलकरांना प्रस्तावना लिहिण्याआधी ती वस्ती समजून घ्यावी लागली, यातच त्या कवितेचे बळ आहे. पांढरपेशा मुंबई ज्या गटारावर उभी आहे ते ढसाळांनी तिच्या नाकाखाली आणले. पण ती मुंबई झाली. तालुक्याचे गाव, कारखान्याचे गाव, यात्रेचे गाव यांचा 'गोलपिठा' अजून लिहिला जायचा आहे. जोगतीण मुंबईला पोचण्याआधी अशाच एखाद्या गावाने तिला तयार केलेले असते.

या प्रश्नावर चळवळीला स्वतःलाही तपासावे लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिले. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातील देवदासी, जोगतिणी आदींच्या सभेत भाषण केले. हे जिणे सोडा, लग्न करून संसार करा, असे त्यांनी बजावले. पोट कसे भरावे हे मी सांगणार नाही, त्याचे मार्ग शेकडो आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. धर्माने आणि जातीने जे काम आपल्या बायांसाठी राखून ठेवले होते, त्याला दिलेला तो नकार होता. पण पोटाचा प्रश्न त्या सभेत मोकळाच राहिला आणि त्याचे उत्तर शोधणे ही मागून येणाऱ्यांची जबाबदारी होती. आपण काय केले? नकारातला स्वाभिमान घेतला आणि त्याच्या नावाखाली त्या बायांना वस्तीच्या कडेला सारले. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची वर्गणी चालली, त्या चालल्या नाहीत.

डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित बायांवरचा आपला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यात 'अश्लील', 'असली' आणि 'माणुसकी' या तीन शब्दांचा झगडा त्यांनी दाखवला आहे. अश्लील कोण हे ठरवण्याचा अधिकार जातीच्या हाती राहिला आणि माणुसकी मिळवण्याची किंमत बाईकडून मागितली गेली, असा त्यातून निघणारा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. दुसरीकडे सांगलीत १९९६ साली या बायांनी स्वतःच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. आम्हाला सोडवू नका, आमच्यावरचा अन्याय थांबवा, ही त्यांची भूमिका. १९३६ चा नकार आणि १९९६ ची मागणी यांत विरोध आहे आणि तो गोड बोलून मिटणार नाही. जातीने लादलेल्या कामाला निवड म्हणणे मला पटत नाही. पण तिच्या घरावर छापा घालून तिची मुक्ती होते, हेही बायणाने खोटे ठरवले आहे.

कायदाही गावाच्याच डोळ्यांनी पाहतो. १९५६ चा कायदा शरीरविक्रयाला थेट गुन्हा मानत नाही. पण बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या सज्ञान माणसाला शिक्षा सांगतो. त्यात बाईची म्हातारी आई आणि अठरा ओलांडलेला मुलगाही सापडू शकतो. चौपट भावाने साडी विकणारा सापडत नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बायांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि केवळ व्यवसायावरून मुलाला आईपासून तोडू नये असे सांगितले. त्या निर्देशाने बाईला माणूस म्हटले. तिच्या कमाईवर जगणाऱ्या गावाचा हिशेब मात्र अजून कुणी मागितलेला नाही.

तो साहित्याने मागावा. यापुढे अशा बाईवरचे पुस्तक हाती आले, तर तिचे दुःख किती दाटून आले आहे एवढ्यावर त्याची परीक्षा होऊ नये. त्यात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते लिहिले आहे का, भाडे कोण घेतो, भाव कोण ठरवतो, सरपंच रात्री कुठे असतो आणि सकाळी ग्रामसभेत काय बोलतो, हे आपण पाहिले पाहिजे. लिहिणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगेन की बाईच्या खोलीत शिरण्याआधी गावच्या बाजारात जा, दुकानदाराची वही पाहा. ज्या दिवशी ती वही साहित्यात येईल, त्या दिवशी अब्रू कुणाची गेली याचा निकाल लागेल.