सोय कुणाची, किल्ली कुणाकडे?

विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत घडलेला प्रसंग आहे. एक अनुभवी बाई शंख-शिंपल्यांच्या रचनेवरचा पाठ घेऊन दाखवीत होत्या. कॅल्शियम कार्बोनेटचे एक चित्र हवे होते म्हणून त्यांनी शाळेच्या संगणकावर ब्राउझर उघडला आणि इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे टंकली. त्याबरोबर खालच्या यादीत त्या अक्षरांनी सुरू होणारी जुनी पाने आली. त्यांतली तीन कर्करोगाविषयी होती आणि एक रुग्णालयाच्या तपासणीच्या वेळांचे. भिंतीवरच्या पडद्यावर ही यादी चाळीसएक जणांनी वाचली. बाईंनी घाईने खिडकी बंद केली.

ती पाने त्यांनी आदल्या रात्री घरी, स्वतःच्या मोबाईलवर वाचली होती. शाळेच्या संगणकावर त्यांनी फक्त टपाल पाहण्यासाठी खाते उघडले होते, आणि त्या वेळी समोर आलेल्या चौकटीतले मोठे बटण दाबले होते. त्या चौकटीत लिहिले होते ते एवढेच की, तुमच्या गोष्टी आता सर्व यंत्रांवर मिळतील. वाक्य खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. या अपुरेपणाची चिकित्सा करावी, असे आम्हाला तेव्हापासून वाटत आले आहे.

सिंक म्हणजे नेमके काय?

एका यंत्रावरच्या ब्राउझरमधील खुणेची पाने, उघडी पाने, भरलेले पासवर्ड आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास दुसऱ्या यंत्रावरही जसाच्या तसा दिसावा, या सोयीला 'सिंक' म्हणतात. सोय खरोखर मोठी आहे. घरी वाचलेला लेख शाळेत पुन्हा शोधावा लागत नाही. मोबाईल हरवला तरी खुणा हरवत नाहीत.

पण मोबाईलवरची माहिती संगणकाकडे थेट जाते, असा अनेकांचा समज असतो. तसे सहसा होत नाही, कारण दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असतीलच असे नाही. म्हणून मध्ये एक कोठार लागते. मोबाईल आपली नोंद कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतो आणि संगणक सुरू झाला की तिथून ती उचलतो. म्हणजे आपल्या वाचनाची एक प्रत या तिसऱ्या जागी राहते. ही तिसरी जागा लक्षात घेतली की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला, आपल्या शेजारी बसलेल्याला काय दिसते? दुसरा, कोठारवाल्याला काय वाचता येते? बाईंची फजिती पहिल्या प्रश्नातली होती. दुसरा प्रश्न कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक महत्त्वाचा.

यादीतून माणूस दिसतो

'पत्त्यांच्या यादीत असे काय असते?' असे कुणी विचारील. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले सुमारे दोन कोटी शोध संशोधकांसाठी खुले केले. नावे काढून त्या जागी क्रमांक घातले होते. तरीही काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली. गावाचे नाव, आडनाव, दुखणे, पाळीव प्राणी असे सुटे सुटे शब्द एकत्र आले आणि माणूस उभा राहिला.

हे शोधशब्दांचे झाले. पाहिलेल्या स्थळांचा अभ्यास ओलेइनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ३,६८,२८४ जणांनी ठरावीक स्थळांपैकी कोणती पाहिली आहेत, एवढेच त्यांनी तपासले. ६९ टक्के लोकांचा इतिहास दुसऱ्या कुणाशीही जुळला नाही. ज्यांची किमान चार स्थळे कळली, त्यांच्यात हे प्रमाण ९७ टक्के निघाले. २०२० मध्ये मोझिला संस्थेच्या संशोधकांनी सुमारे ५२ हजार फायरफॉक्स वापरणाऱ्यांच्या माहितीवर हाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा त्यांना ४८,९१९ वेगवेगळे नमुने मिळाले आणि त्यांतले ९९ टक्के एकमेव होते. वाचनाचा इतिहास बोटांच्या ठशांसारखा असतो, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की ठसा आपल्या आजाराविषयी किंवा कर्जाविषयी काही सांगत नाही.

एकाच सोयीच्या दोन रचना

आता कोठाराकडे वळू. इथे दोन प्रसिद्ध ब्राउझरांची तुलना उद्बोधक ठरते.

फायरफॉक्समध्ये माहिती आपल्याच यंत्रावर कूटबद्ध होते आणि मग कोठारात जाते. किल्ली पासवर्डातून निघते, पण पासवर्ड स्वतः सर्व्हरकडे जात नाही. हे कसे जमते? एक खेळण्यातले उदाहरण घेऊ. समजा, आपली गुप्त संख्या ४५ आहे. तिचा वर्ग २०२५. त्याला ९७ ने भागले की बाकी ८५ उरते. तिचा घन ९१,१२५. त्याला ८९ ने भागले की बाकी ७८. आता दारावरच्या पहारेकऱ्याला आपण फक्त ८५ सांगायचे. त्यावरून तो आपल्याला ओळखतो. ७८ घराबाहेर न्यायचेच नाही. पेटी उघडते ती त्यानेच. पहारेकऱ्याला ८५ वरून ४५ काढता येतील का? ५२ चा वर्ग घेतला तरी बाकी ८५ येते, १४२ चा घेतला तरीही ८५. खरी गणिते याहून फार अवघड असतात, पण तत्त्व हेच: एकाच पासवर्डातून दोन वस्तू काढायच्या, एक ओळखीसाठी आणि एक कुलपासाठी, आणि पहिलीवरून दुसरी मिळू द्यायची नाही. त्यामुळे कोठारवाला पेटी सांभाळतो, पण उघडू शकत नाही.

गूगलच्या क्रोममध्ये माहिती कूटबद्ध होतेच. वाटेत कुणाला ती वाचता येत नाही. परंतु आपण काही बदलले नाही, तर कोठारातील किल्ली कंपनीकडे राहते. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात. इथे कोठारवाल्याच्या एकट्याच्या किल्लीने काम भागते. तो रोज पेटी उघडतोच, असा आमचा आरोप नाही. त्याला ती उघडता येते, एवढे आमचे म्हणणे आहे. आणि ज्याला उघडता येते, त्याच्याकडे सरकार मागणी करू शकते, चोर डोळा ठेवू शकतो, आणि उद्या त्याचे स्वतःचे धोरणही बदलू शकते.

क्रोममध्ये स्वतःचे वेगळे गुप्त वाक्य, म्हणजे पासफ्रेज, लावण्याची सोय आहे. ते लावले की गूगललाही आपली सिंकमधील माहिती वाचता येत नाही. मग तक्रार कसली? कंपनीच्याच मदतपानावर लिहिले आहे की, पासफ्रेज लावल्यास पाहिलेल्या पानांचा इतिहास इतर यंत्रांवर जात नाही. पत्त्याच्या पट्टीत स्वतः टंकलेले पत्ते तेवढे जातात. म्हणजे गुप्तता मागितली की सोयीतला एक भाग कापला जातो. हे तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे होते, असे मानायला आधार नाही, कारण फायरफॉक्स दोन्ही गोष्टी एकत्र देतो. अॅपलच्या सफारीतील इतिहासही कंपनीला वाचता येणार नाही अशा रीतीने यंत्रायंत्रांत फिरतो. तेव्हा ही कात्री कुणीतरी विचारपूर्वक चालवलेली आहे.

२०१८ चा वाद

या विषयावरचा सर्वांत बोलका वाद सप्टेंबर २०१८ मधला. क्रोमच्या ६९ व्या आवृत्तीपासून, जीमेलसारख्या गूगलच्या एखाद्या स्थळावर खाते उघडले की ब्राउझरही आपोआप त्या खात्याशी जोडला जाऊ लागला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कूटशास्त्रज्ञ मॅथ्यू ग्रीन यांनी यावर जाहीर टीका केली आणि आपण क्रोम सोडत असल्याचे सांगितले. गूगलचा खुलासा असा होता की, जोडणी म्हणजे सिंक नव्हे. सिंकसाठी वेगळी संमती लागतेच. एकाच संगणकावर दोघे बसत असतील तर एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नये, म्हणून हा बदल केला.

हा खुलासा निराधार नव्हता. सामायिक संगणकावरचा घोटाळा खरा आहे, हे आम्ही वर पाहिलेच. पण ग्रीन यांचा मुद्दा आम्हाला अधिक भक्कम वाटतो. ज्याने ब्राउझरला कधीच खाते जोडले नव्हते, त्याने एक निवड केलेली होती. ती त्याला न विचारता बदलली गेली आणि माहिती कोठारात जाण्यापासून तो एका बटणाच्या अंतरावर येऊन ठेपला. पुढच्याच महिन्यात ७० व्या आवृत्तीत ही आपोआप जोडणी बंद करण्याची कळ देण्यात आली. टीकेचा उपयोग होतो, एवढे यातून दिसले. मात्र अशी कळ हाती असली, तरी ती आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिचा उपयोग.

मजबूत कुलपाच्या मर्यादा

दुसरी बाजूही मांडायला हवी. किल्ली फक्त आपल्याकडे असेल, तर ती हरवल्यावर कुणी मदत करू शकत नाही. पासवर्ड विसरला आणि दुसऱ्या यंत्रावर प्रत नसली की कोठारातली माहिती गेली. पासवर्ड '१२३४५६' असेल तर चोर एकेक करून सगळे अंदाज तपासतो आणि वरचे सगळे गणित वाया जाते. शिवाय कोठार म्हटले की चोरी आलीच. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑपेरा ब्राउझरच्या सिंक सर्व्हरमध्ये बाहेरच्यांचा शिरकाव झाला. महिन्याला सुमारे १७ लाख लोक ही सोय वापरत होते; त्या सर्वांचे सिंकचे पासवर्ड कंपनीला रद्द करावे लागले.

आणि कोणतेही कूटशास्त्र बाईंना त्या दिवशी वाचवू शकले नसते. कुलूप वाटेवर आणि कोठारात उपयोगी पडते. पेटी आपल्यासमोर उघडल्यावर शेजाऱ्याचे डोळे ते झाकत नाही. त्यावरचा उपाय साधा आहे. शाळेच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर सिंक सुरू करू नये, पाहुण्यांसाठीची खिडकी वापरावी आणि उठताना खाते बंद करावे.

वर्गात करून पाहावे असे

हा विषय वर्गात शिकवण्यासाठी इंटरनेटची गरज नाही. तीन विद्यार्थी उभे करा: एक मोबाईल, एक संगणक आणि मध्ये कोठारवाला. पहिल्या फेरीत मोबाईलने उघडी चिठ्ठी द्यावी. कोठारवाल्याने ती वहीत उतरवून पुढे द्यावी. दुसऱ्या फेरीत पहिल्या दोघांनी गुपचूप एक अंक ठरवावा आणि प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतले तितकी घरे पुढचे व्यंजन लिहावे. कोठारवाल्याने पुन्हा चिठ्ठी उतरवून पुढे द्यावी. मग वर्गाला विचारा: निरोप पोहोचवण्यासाठी कोठारवाल्याने तो वाचणे गरजेचे होते का? तिसऱ्या फेरीत कोठारवाल्याला सगळे अंक एकेक करून लावून पाहू द्या. तो थोड्या वेळात निरोप उलगडील आणि कच्च्या किल्लीचा धडाही मिळेल.

या खेळातून मुलांना जे कळते, तेच आमचे मुख्य म्हणणे आहे. सोय देण्यासाठी वाचण्याचा अधिकार घ्यावा लागत नाही. जिथे तो घेतलेला दिसतो तिथे तो का घेतला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो हक्क ब्राउझरच्या सेटिंगच्या पानावरही लागू व्हावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

कार्यशाळा संपल्यावर त्या बाई आमच्याकडे आल्या. 'म्हणजे सर, यापुढे असले काही वाचूच नये का?' एवढेच त्यांनी विचारले. फजितीपेक्षा हा प्रश्न आम्हाला जास्त लागला. शंका आली की शोधावे, वाचावे, पडताळावे, हे आपण मुलांना शिकवतो. कुणीतरी पाहत आहे या धास्तीने शिक्षकच शोधायचा थांबला, तर ते शिकवणे पोकळ ठरेल. आम्ही त्यांना सांगितले, 'बाई, वाचायचे तर आहेच. फक्त किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघू.' मग दोघांनी मिळून त्यांच्या मोबाईलमधले सेटिंगचे पान उघडले. चौथ्या पायरीवर ती कळ सापडली.