‘मोकळी’ या शब्दाची किंमत

मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58वा नियम साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचावा. 1982च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनीवर घरे, कचेऱ्या बांधायची मुभा हवी असेल, तर मालकाने शहराला काही द्यावे, असा तो सौदा. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला.

2001 साली दुरुस्ती झाली आणि वाटणी ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. आता गिरणीचे आवार डोळ्यांपुढे आणा. खात्याला खाते लागून, वर करवती छपरे. मोकळे उरते किती? शेड पाडल्यावर रिकामी होणारी जमीन वाटणीत धरावी, असे उच्च न्यायालयाने 2005 साली म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006मध्ये तो निकाल फिरवला.

जुन्या अटींवर मालक फारसे पुढे येत नव्हते, कामगारांची देणी थकली होती, हे खरे. पण वापरबदलाचा लाभ सगळ्या आवारावर मिळाला आणि परतफेड तेवढी रिकाम्या तुकड्यावर मोजली गेली. माझा आक्षेप या मापावर आहे.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये गिरणी कामगाराचे कुटुंब चाळीतल्या खोलीत विस्कटत जाते. त्या खोलीचे मोल आपण जाणतो. खोलीबाहेरची जमीन कुणाची, हे ज्या वाक्याने ठरवले, तेही तितक्याच बारकाईने वाचले पाहिजे.