युमी मात्सुतोया: सुबत्तेच्या शिक्क्यापलीकडे

1973 च्या सप्टेंबरात जपानमध्ये कागुयाहिमे या गटाचं ‘कांदागावा’ हे गाणं आलं आणि घराघरांत पोचलं. भाड्याची तीन चटयांची खोली, सार्वजनिक स्नानगृहाबाहेर थंडीत ताटकळणारी प्रेयसी, खिशात पैसे नाहीत: जपानी फोक गाण्याचा तो कळसाध्याय होता. दोनच महिन्यांनी अराई युमी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा ‘हिकोकीगुमो’ हा पहिला अल्बम निघाला. त्यात गरिबी नव्हती, चळवळ नव्हती, अंगावर येणारं रडणंही नव्हतं. ‘खात्यापित्या घरातल्या मुलीची गाणी’ हा शिक्का तिच्यावर तेव्हाच बसला आणि पुढची पन्नास वर्षं पुसला गेला नाही. माझ्या मते तो तिच्यावर अन्याय आहे.

घर खातंपितं होतं हे खरंच. टोकियोच्या पश्चिमेला हाचिओजी इथं वडिलांचं किमोनोच्या कापडाचं जुनं दुकान होतं. जवळच्या अमेरिकी लष्करी तळांमुळे परदेशी रेकॉर्डी लवकर हाती पडत. मिशनरी शाळेतल्या चॅपलमध्ये तिनं पाइप ऑर्गनवर बाख ऐकला आणि पुढे प्रोकोल हारुम या ब्रिटिश गटाच्या गाण्यात तिला तोच बाख पुन्हा भेटला. तिच्या चाली जपानी फोकच्या तीन-चार ठरलेल्या कॉर्ड्सवर का थांबत नाहीत, याचं उत्तर इथं सापडतं. वरची चाल साधी, गुणगुणता येईल अशी असते. खालचा बास मात्र एकेक पायरी उतरत त्याच सुरांचा अर्थ बदलत राहतो.

तिला गायचं नव्हतं, दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची होती. संगीतकार-निर्माते कुनिहिको मुराई यांनी तिला स्वतः गायला लावलं. पहिल्या अल्बमसाठी आवाजातला कंप काढून सपाट, सरळ स्वर लावण्याची मेहनत तिच्याकडून करून घेतली गेली. साथीला हारुओमी होसोनो, शिगेरु सुझुकी, तात्सुओ हायाशी आणि मासाताका मात्सुतोया अशी त्या पिढीतली उत्तम मंडळी होती. एन्का या जपानी गानप्रकारात प्रत्येक दुःखाला हेलकावा असतो. इथं दुःख आहे, हेलकावा नाही. तिचा आवाज कच्चा आहे ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती मला पटत नाही. ‘हिकोकीगुमो’ या शीर्षकगीतामागे प्राथमिक शाळेतल्या एका सोबत्याचा अकाली मृत्यू आहे. हे गाणं कुणी कंठ दाटून गायलं असतं तर ऐकवलं नसतं. न थरथरणारा तो स्वर गेलेल्या मुलाकडे दयेनं पाहत नाही, म्हणून गाणं टिकलं.

शिक्का मारणाऱ्यांच्या नजरेतून हेच निसटतं. गाण्यातल्या वस्तू सुखवस्तू असतील, पण तिचा विषय कायम सरून जाणारा काळ हाच आहे. 1974 च्या ‘मिसलिम’मध्ये योकोहामाच्या टेकडीवरच्या डॉल्फिन या रेस्तराँवर एक गाणं आहे. एक बाई एकटीच समुद्र बघत बसली आहे, सोड्याच्या पेल्यातून मालवाहू जहाज जाताना दिसतं, बस्स. सोबत कोण असायचं ते आपण ओळखायचं.

त्याच अल्बममधल्या ‘हितोमी ओ तोजिते’ची कथा मला विशेष प्रिय आहे. नागासाकीच्या गोतो द्वीपसमूहातल्या नारू बेटावरच्या शाळेला स्वतःचं गीत नव्हतं. तिथल्या एका विद्यार्थिनीनं रेडिओच्या रात्रीच्या कार्यक्रमाला पत्र पाठवून गीत मागितलं आणि युमीनं ते लिहिलं. शाळेचं अधिकृत गीत म्हणून त्याची निवड झाली नाही, पण बेटानं ते आपलं मानलं. 1988 मध्ये तिथं त्याचा शिलालेख उभा राहिला. शिक्षण संपलं की बेट सोडायचं, हे त्या मुलांचं ठरलेलं भविष्य होतं. टोकियोतल्या सुखवस्तू मुलीला ते कळलं आणि एकदाही कीव न करता तिनं ते मांडलं.

1976 मध्ये मासाताकाशी लग्न करून ती मात्सुतोया झाली. 1980 चा ‘सर्फ अँड स्नो’, त्यापाठोपाठ नाएबाच्या स्की-हॉटेलात दर हिवाळ्यात होऊ लागलेल्या मैफली, 1987 च्या स्कीइंगवरच्या गाजलेल्या चित्रपटात वाजलेली तिचीच गाणी: सुबत्तेच्या लाटेवर ती अगदी पुढे होती. 1990 च्या ‘तेंगोकु नो डोआ’ची विक्री वीस लाखांवर गेली. या काळावरचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. दर वर्षी नवा अल्बम काढायच्या शिस्तीत कित्येक गाणी ऋतू, गाडी आणि प्रेमभंग यांची नुसती जुळवाजुळव झाली. सिंथेसायझरचा चकचकाट आज कानाला जुना लागतो, 1974 चा पियानो लागत नाही.

ऐंशीच्याच दशकात दुसऱ्यांसाठी मात्र तिनं फार नेमकं काम केलं. ग्रेटा गार्बोच्या नावावरून बेतलेल्या कुरेता कारुहो या टोपणनावानं तिनं लोकप्रिय पॉप गायिका सेको मात्सुदासाठी 1982 मध्ये ‘आकाई स्वीट पी’ची चाल बांधली; शब्द ताकाशी मात्सुमोतो यांचे. स्टेजवरच्या लाडक्या बाहुलीला या चालीनं एक लाजरं, हळूहळू मोठं होणारं मन दिलं.

चित्रपट-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी 1989 च्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’साठी तिची सत्तरच्या दशकातली दोन गाणी घेतली आणि 2013 च्या ‘द विंड रायझेस’चा शेवट ‘हिकोकीगुमो’नं केला. विमानं रचणारा तरुण, मरणाऱ्या बायकोचं प्रेम आणि युद्ध, एवढा भार चाळीस वर्षं जुन्या गाण्यानं पेलला. आपल्याकडचे बहुतेक तरुण तिला याच चित्रपटांतून ओळखतात.

2022 मध्ये कारकिर्दीची पन्नाशी झाली आणि सांस्कृतिक कार्यासाठीचा सरकारी सन्मानही मिळाला. त्या वर्षीच्या ‘युमिंग बानझाई’ या संकलनात कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेल्या तरुण अराई युमीच्या आवाजाबरोबर तिचं युगुलगीत आहे. यंत्रानं पोत चांगला पकडला आहे. पण मूळ ध्वनिमुद्रणात सरळ स्वर धरून ठेवायला लागलेला जोर ऐकू येतो, तो इथं नाही. मला तिचा आजचा खरबरीत, खाली उतरलेला आवाजच ऐकायचा आहे. नवी गाणी, फक्त पियानो आणि तो आवाज, असा अल्बम तिनं अजूनही करावा.