मुमताज महल : कथा आणि कागद

अर्जुमंद बानू बेगम ऊर्फ मुमताज महल हिचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा साक्षर मनुष्य हिंदुस्थानांत विरळा. परंतु तिजविषयीं जें सांगितलें जातें, त्यांतील बहुतेक भाग तिच्या मरणानंतरचा आहे. थडग्याची कीर्ति इतकी वाढली कीं, आंत निजलेली व्यक्तीच झांकली गेली. म्हणून तिच्या चरित्राचीं साधनें प्रतवारीनें लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिल्या प्रतीचीं साधनें म्हणजे कझवीनी व अब्दुल हमीद लाहोरी यांचे पादशहानामे. हे दरबारी वृत्तान्त. धन्याची स्तुति हा त्यांचा धर्मच होय. मीमांसकांनीं केलेला अर्थवादाचा विभाग येथें उपयोगी पडतो. अन्य प्रमाणाशीं विरोध येतो तो गुणवाद. तसा विरोध नसेल तो भूतार्थवाद. ता. १७ जून १६३१ रोजीं बऱ्हाणपूर येथें चौदाव्या बाळंतपणांत बेगम वारली. चौदांपैकीं सात अपत्यें मागें राहिलीं. शव प्रथम तापीपलीकडे झैनाबादच्या बागेंत ठेवून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शहा शुजाबरोबर आग्र्यास नेलें. हें सर्व भूतार्थ समजण्यास हरकत नाहीं. शोकानें बादशहाची दाढी अल्पकाळांत पांढरी झाली, या वाक्यांत अलंकार किती हें ज्याचें त्यानें ठरवावें. तथापि अलंकार वजा केला म्हणून शोक वजा होत नाहीं. एक सप्ताहपर्यंत बादशहा झरोक्यांत आला नाहीं, ही नोंद साधी आहे आणि म्हणूनच आम्हांस ती अधिक बोलकी वाटते.

दुसरी प्रत परकी प्रवाशांची. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या, इमारतीचा आरंभ व शेवट आपण डोळ्यांनीं पाहिला असें लिहितो. पण काम १६३२ सालीं सुरू झालें, आणि हा गृहस्थ आग्र्यास प्रथम आला तो १६४०–४१ च्या सुमारास! यमुनेच्या पैलतीरीं बादशहानें स्वतःसाठीं दुसरें थडगें आरंभिलें होतें, ही वार्ताहि त्याचीच. तिजवरच पुढें काळ्या ताजाची कथा रचली गेली. १९९० नंतरच्या दशकांत मेहताब बागेंत उत्खनन झालें, तेव्हां तेथें बाग व हौद सांपडले. थडग्याचा पाया नव्हे.

जागेविषयींचा वादहि असाच. ती भूमि आंबेरच्या राजा जयसिंहाकडून घेतली, हें लाहोरी स्वतःच सांगतो. आणि मोबदल्यांत चार हवेल्या दिल्याचें १६३३ चें फर्मान जयपूर दरबारच्या संग्रहांतून मिळालें आहे. बेग्ली व झियाउद्दीन देसाई यांनीं १९८९ सालीं हीं साधनें एकत्र छापिलीं. तीं न वाचतां वाद घालणें हें संशोधकास शोभणारें नाहीं.

आतां आम्हां दक्षिणेकडील वाचकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. बेगम वारली त्याच सुमारास गुजराथ व दक्षिण दुष्काळानें होरपळत होती. त्या काळाचें भयंकर वर्णन लाहोरीनेंच केलें आहे. बऱ्हाणपुरास दर सोमवारीं पांच हजार याप्रमाणें वीस सोमवार, म्हणजे एक लक्ष रुपये वांटले; आणि थडग्यास पन्नास लक्ष लागले, हे आंकडे त्याच ग्रंथांत आहेत. दोन आंकडे शेजारी मांडून संताप करणें सोपें आहे. पण सुमारें सत्तर लक्षांचा सारा माफ केल्याची नोंदहि तेथेंच आहे. ती गाळणें हा पक्षपात होय. उलट, माफ केलेला सारा त्या उजाड मुलखांत वसूल तरी किती झाला असता, हा प्रश्नहि विचारलाच पाहिजे. प्रेमाची कथा आणि संतापाची कथा, दोन्ही अर्धेंच वाचतात.

या दोन्ही कथांत बेगम केवळ मेलेली आहे. जिवंतपणीं ती काय करीत होती? राजमुद्रा कांहीं काळ तिच्या स्वाधीन होती, असें दरबारी लेखक सांगतात. त्याहून मोलाचा आहे तो तिचा १६२८ चा एक हुकूम. तो तिर्मिझी यांनीं मोगल जनान्यांतील आज्ञापत्रांच्या १९७९ च्या संग्रहांत प्रसिद्ध केला. विषय काय? तर खानदेशांतील एरंडोल परगण्याच्या देशमुखीवर कानोजी यास पुनः स्थापित करावें! ज्या बाईस जगानें संगमरवरी मूर्ति करून ठेविलें, ती आमच्या एका देशमुखाच्या वतनाचा निवाडा अंमलदारांस कळवीत होती. हा एक कागद आम्हांस शंभर काव्यांहून वडील वाटतो. कारण त्यांत ती कोणाची प्रिया म्हणून नव्हे, तर अधिकारी म्हणून बोलते.

खानदेशच्या जुन्या घराण्यांत मोडी दप्तराबरोबर फारशी कागदहि असतात, आणि वाचतां येत नाहींत म्हणून तेच आधीं वाळवीस अर्पण होतात. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, मोडी रुमाल उचलतांना त्यांखालचा फारशी कागद टाकूं नये. त्यावर कोणाची मुद्रा असेल, हें वाचल्याशिवाय कळत नाहीं.