टेरेन्स, अपुलियस आणि आमचे मराठी

उर्दू माध्यमात शिकलेल्याला अरस्तू, अफलातून, जालिनूस ही नावे परकी नसतात. बगदादच्या भाषांतरकारांनी ग्रीकांचे तत्त्वज्ञान आणि वैद्यक अरबीत आणले, तेथून ते फारसी-उर्दूपर्यंत उतरले. रोमचे कवी-नाटककार मात्र त्या वाटेने आमच्यापर्यंत आले नाहीत. त्यांची ओळख आम्हाला झाली ती बी.एड. होऊन नोकरीला लागल्यावर, शिरूर-दौंड एस.टी.च्या खिडकीशी बसून, इंग्रजी भाषांतरांतून. त्यात परीक्षा नव्हती की बढती नव्हती. मूळ लॅटिन आम्हाला येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

व्हर्जिल आणि सिसेरो यांच्याबद्दल आदर वाटला, पण जीव जडला तो टेरेन्सवर. प्राचीन चरित्रकाराच्या सांगण्यानुसार तो कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात जन्मला आणि रोममध्ये गुलाम होता. टेरेन्टियस लुकानस या सिनेटरने त्याला शिकवले आणि मुक्त केले. नाव धन्याचेच लागले, आणि त्यापुढे 'आफेर', आफ्रिकेचा, हे बिरुद. इ.स.पू. १६६ ते १६० या काळात त्याची सहा नाटके रंगभूमीवर आली. सहाही आज उपलब्ध आहेत.

रोममध्ये कुजबूज अशी होती, की ही नाटके त्याची नाहीत. बड्या घरचे मित्र त्याला लिहून देतात. इ.स.पू. १६० मधल्या 'अडेल्फी' या नाटकाच्या प्रस्तावनेत तो या आरोपाला उत्तर देतो. उत्तर तरी कसले! असे थोर लोक आपल्यावर प्रसन्न आहेत हा आपण गौरवच समजतो, असा त्याचा सूर आहे. 'नाटके माझी आहेत' एवढे साधे वाक्य तो उच्चारत नाही. पहिल्या वाचनात आम्हाला याचा राग आला. मग आठवले, एका साहित्यमेळाव्यात आमचा लेख वाचून झाल्यावर एका सद्गृहस्थांनी प्रेमाने विचारले होते, "सर, मराठी कुणाकडून तपासून घेतले?" आम्हीही हसून 'आपला आशीर्वाद' म्हणालो होतो.

'अडेल्फी' म्हणजे भाऊ-भाऊ. डेमिया हा शेतावर राहणारा, कडक बाप. मिकियो हा त्याचा शहरातला अविवाहित भाऊ. डेमियाचा एक मुलगा त्याने दत्तक घेऊन लाडात वाढवलेला. छडी की सवलत, हा शिक्षकांचा जुनाच वाद. आमची अपेक्षा होती की मिकियो जिंकेल. चार अंक तसेच वाटते. शेवटी डेमिया एकाएकी उदार होतो, पण भावाच्या पैशाने! गुलामांना मुक्त करवतो, जमीन देववतो, म्हाताऱ्या मिकियोला एका विधवेशी लग्न करायला लावतो, आणि मग सुनावतो की तुझी लोकप्रियता अशीच स्वस्त होती. काही टीकाकारांना हा शेवट जोडलेला वाटतो. आम्हाला तोच नाटकाचा प्राण वाटला. मुलांना आवडणारा शिक्षक आणि मुलांना घडवणारा शिक्षक यांतले अंतर बी.एड.च्या पुस्तकांनी आम्हाला इतके उघडे करून दाखवले नव्हते.

पुढे हाच मुक्त गुलाम रोमन शाळांचा पाठ्यलेखक झाला. शुद्ध लॅटिन कसे असते ते मुले त्याच्या नाटकांतून शिकली.

दौंडला भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो. तिथे शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. त्यांच्याविषयी आम्ही ऐकलेल्या बहुतेक भाषणांत एक शब्द चुकत नाही: 'असूनही'. मुसलमान असूनही मराठी, मुसलमान असूनही संत. कौतुक खरे असते, पण त्या शब्दापाशी ग्रंथ मिटतो. योगसंग्रामातले रूपक कसे चालते, ओवी कुठे चढते, कुठे पसरट होते, याची चर्चा करायला कुणी उरत नाही.

आता अपुलियसचे सांगतो, कारण त्याने आमची जिरवली. हा मदौरोसचा, आजच्या अल्जिरियातला. त्याची 'सोनेरी गाढव' ही संपूर्ण उपलब्ध असलेली एकमेव लॅटिन कादंबरी. गोष्टीतून गोष्ट निघते. अलिफ लैला ऐकत वाढलेल्याला ती घरचीच वाटते. गाढव झालेला नायक पिठाच्या गिरणीत डागलेले, चिंध्या पांघरलेले गुलाम पाहतो, ते पान रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९५० च्या भाषांतरातही अंगावर येते. या कादंबरीचा निवेदक आरंभीच आपल्या परक्या उच्चारांबद्दल वाचकांची माफी मागतो.

हाच अपुलियस इ.स. १५८-५९ च्या सुमारास कोर्टात उभा राहिला. जादूटोणा करून श्रीमंत विधवेला वश केले, असा आरोप. बचावाच्या भाषणात तो सावत्र मुलगा प्युडेन्सची टर उडवतो: याला प्युनिकखेरीज बोलता येत नाही, आईकडून उचललेले थोडे ग्रीक येते, लॅटिन तर नाहीच. प्युनिक म्हणजे त्या प्रांताची घरगुती बोली. भाषण चमकदार आहे. वाचताना आम्ही मोठ्याने हसलो.

त्याच आठवड्यात आमच्या वर्गातला एक मुलगा मराठीच्या तासाला 'नळाला पाणी आला' म्हणाला होता. उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्याच्या घरची दखनी, तिथे पानी येतो. वर्ग हसला, आणि आम्हीही हसलो होतो. प्युडेन्सने घरी प्युनिकमध्ये काय उत्तर दिले असेल, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. आमच्या त्या मुलाने मात्र त्यानंतर महिनाभर मराठी वाचायला हात वर केला नाही.