दूरस्थ डेस्कटॉप : उभारणीची शिकवण आणि सुरक्षेची उपेक्षा – एक चिकित्सा

प्रस्तावना :
मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर प्रवेश, परीक्षा व लेखा यांची कामे घरून करणे महाविद्यालयांना अपरिहार्य ठरले. भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर आणि त्यावरील दूरस्थ डेस्कटॉप हा त्यासाठीचा स्वस्त पर्याय होय. लोणावळा, मावळ आणि पुणे यांच्या दरम्यान नित्य ये-जा करणाऱ्या अध्यापकवर्गाला त्याची उपयुक्तता वेगळी सांगावयास नको. तथापि हे तंत्र शिकविणाऱ्या प्रचलित मार्गदर्शिका आणि प्रात्यक्षिकाची पद्धती यांत एक मूलभूत दोष आढळतो. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रचलित मांडणीतील दोष :
या मार्गदर्शिकांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सर्व्हर घ्यावा, त्यावर उबुंटू व एक्सएफसीई बसवावे, व्हीएनसी किंवा एक्सआरडीपी चालू करावे, पोर्ट उघडावे आणि पडदा दिसला की काम संपले. सुरक्षा शेवटच्या परिच्छेदात, ‘ऐच्छिक’ म्हणून येते. विद्यार्थ्याच्या वहीतही ‘जोडणी यशस्वी’ हाच निष्कर्ष असतो. वस्तुतः पोर्ट उघडल्या क्षणापासून तो सर्व्हर साऱ्या जगासमोर उभा असतो. आरडीपीचे ३३८९ आणि व्हीएनसीचे ५९०१ ही पोर्टे शोधत फिरणारी स्वयंचलित यंत्रणा अहोरात्र चालू असते. म्हणून आधी दार व मग कुलूप हा क्रमच सदोष ठरतो.

सुचविले जाणारे उपायही तपासून घ्यावे लागतात. पोर्टचा क्रमांक बदलल्याने दार लपत नाही, कारण सर्व पोर्टे तपासणे हे काही मिनिटांचे काम आहे. व्हीएनसीच्या पारंपरिक पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जातात आणि पुढील संवादही सांकेतिक नसतो. अशा स्थितीत ‘मोठा परवलीचा शब्द ठेवा’ हा उपदेश फोल ठरतो. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ या दोषाने तर परवलीचा शब्द न विचारताच जुन्या विंडोजमध्ये प्रवेश शक्य केला. त्यावर मायक्रोसॉफ्टला कालबाह्य एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली.

लोणावळ्याचा संदर्भ :
लोणावळा व वळवण येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि १९१५ पासून मुंबईला वीज पुरविते. हे प्रकल्प ज्या टाटा पॉवरकडे आहेत, त्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या माहिती तंत्रज्ञान यंत्रणेवर हल्ला झाल्याचे जाहीर केले. कामकाजाच्या महत्त्वाच्या यंत्रणा चालू असल्याचेही तिने सांगितले. पुढे ‘हाइव्ह’ या खंडणीखोर टोळीने कंपनीची म्हणून माहिती उघड केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी या टोळीच्या पद्धतीविषयी सूचना काढली. केवळ परवलीच्या शब्दावर चालणारे आरडीपी व व्हीपीएन हे तिचे प्रवेशमार्ग असल्याचे तीत नमूद आहे. हे टोळीच्या सर्वसाधारण रीतीचे वर्णन आहे, टाटा पॉवरमधील घटनेचे नव्हे. तरीही मोठ्या उद्योगाला जे भय आहे, ते तज्ज्ञ मनुष्यबळ नसलेल्या महाविद्यालयाला अधिकच आहे.

योग्य क्रम :
प्रथम एसएसएचमध्ये किल्लीने प्रवेश ठेवून परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश आणि रूट खात्याचा थेट प्रवेश बंद करावा. नंतर अग्निभिंत उभारावी. डेस्कटॉपची सेवा केवळ सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्यावर ऐकती ठेवावी आणि तिच्यापर्यंत एसएसएचच्या बोगद्यातून अथवा वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून जावे. दुहेरी पडताळणी, नियमित अद्ययावतीकरण आणि सर्व्हरपासून अलग ठेवलेली प्रत यांची जोड द्यावी. काम नसताना सेवा बंद ठेवावी.

लहान महाविद्यालयांना हे परवडणारे नाही, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ओपनएसएसएच व वायरगार्ड विनामूल्य आहेत. खर्च होतो तो वेळेचा आणि शिस्तीचा. शिवाय सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांत देणे व नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. ज्या सर्व्हरवर नोंदीच ठेवल्या जात नाहीत, तेथे घटना घडली हे समजणारच कसे?

समारोप :
१. सुरक्षा हा उभारणीचा पुढचा टप्पा नसून पहिली पायरी आहे.
२. प्रात्यक्षिकाचे गुण पडदा दिसण्यावर न देता, बाहेरून पोर्ट बंद दिसते की नाही यावर द्यावेत.
३. सर्व्हर चालविण्याचे काम बाहेरच्या पुरवठादाराकडे सोपविले तरी विद्यार्थ्यांच्या माहितीचे उत्तरदायित्व महाविद्यालयाकडेच राहते.

गुणपत्रके, जातीचे दाखले, बँक खाती अशी विद्यार्थ्यांची माहिती विश्वासाने सोपविलेली असते. ती एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही. म्हणून या विषयाच्या अध्यापनाचा क्रम बदलणे अगत्याचे आहे.